जिनिंगच्या शेडमधली टाळी

पोलिसात जन्म गेला. चोऱ्या-मारामाऱ्या आता एकमेकीत मिसळल्या आहेत, पण एक मिसिंगची केस तशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही, कारण त्यात गुन्हेगार कोणीच नव्हता.

मी तेव्हा घाटाखालच्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. निवृत्ती जवळ आली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी एक म्हातारी तृतीयपंथी आली. आसपासच्या बाजारांत मागून खाणाऱ्या चार-पाच जणींची ही गुरू. आल्या आल्या तिने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हात आपटला.

"माही चेली गायब हाय. लिहून घ्या."

अंमलदार हसला. "तुमच्यातलं कोणी गायब झालं तं लोकं नारळ फोडतात, अन् तू तक्रार देतं?"

"फोडा ना. पयले लिहा, मंग फोडा."

मी मिसिंग दाखल करून घेतली. म्हातारीनेच काही बरंवाईट केलं असेल, असा ठाणेदार साहेबांचा अंदाज होता. म्हणून पहिली चौकशी तिचीच केली. तक्रार देणाराच कितीदा आरोपी निघतो.

"भांडण झालं होतं?"

"हाव. थोबाडीत देली मी तिच्या."

"काऊन?"

"दर रईवारी त्या प्रार्थनेले जाये. मी म्हटलं, थे तुले गडी करून टाकतील. तं म्हणे, करू दे." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "बाई, माह्यं दुसरं कोणी नाई. मी मेली तं खांदा कोण देईल?"

खोटं रडणं मला लगेच कळतं. ही रडत नव्हतीच. खरोखर विचारत होती.

प्रार्थना म्हणजे गावाबाहेर बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढायच्या जिनिंगच्या शेडमध्ये भरणारी सभा. एका ख्रिस्ती पास्टरने मूठभर माणसांत सुरू केलेली. आता रविवारी पार धामणगाव बढ्याकडून टेम्पो भरून लोक यायचे. शेड पुरेना म्हणून बाहेर मांडव घातला होता. पास्टर माइकवर म्हणाला दारू सोडा, की गडी घरी जाऊन बाटल्या फोडायचे. आमच्या दंडुक्याने जे होत नव्हतं ते त्याच्या शब्दाने व्हायचं. असं वजन मी पुढाऱ्याचंही पाहिलं नाही.

खबर बाजारातल्या कासारणीने दिली. "बाई, तिनं माह्याजवळून बांगड्या उतरवून घेतल्या. फोडू नको म्हणे, साबन लावून काढ. मंग रुमालात बांधल्या अन् प्रार्थनेच्या टेम्पोत बसली."

ज्याला कोणी उचलून नेतं तो बांगड्या साबण लावून काढत नाही. आणि ज्याला कायमचं जायचं असतं तो त्या रुमालात बांधून नेत नाही. अपहरण नाही, एवढं मला तिथेच कळलं.

रविवारी साध्या वेशात शेडमध्ये गेले. एका बाजूला बायका, एका बाजूला गडी. मला कोणी ओळखत नव्हतं, तरी दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, जेवून आल्या ना?" गाणं सुरू झालं, टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या माणसांत कोण शोधणार! पण गड्यांच्या बाजूने एक टाळी वेगळी येत होती. बोटं फाकवून, तळव्यावर तळवा सपाट मारलेली. ती टाळी बाजारात लहान पोरसुद्धा ओळखतं. केस बारीक कापलेले, अंगात शर्ट, डोळे मिटलेले. चेलीच ती.

सभा मी मोडली नाही. संपल्यावर पास्टरला ओळख सांगितली. तो म्हणाला, "आम्ही कोणाला धरून ठेवत नाही, मॅडम." खरंच होतं ते. त्याने खोली उघडून दिली आणि मी तिचा जबाब घेतला.

"कोणी मारलं? डांबलं?"

"नाई बाई. बजारात लोकं पैशे फेकून देतात, हाताले हात लागू देत नाईत. इथं मले ताप आला तं एका बाईनं डोक्यावर पट्ट्या ठेवल्या." सांगता सांगता ती रडायला लागली.

"मंग रडतं काऊन?"

"थे माह्यासाठी माह्या जुन्या नावानं प्रार्थना करतात. मी मागते, अन् देव देऊन राह्यला दुसऱ्याच पोट्ट्याले."

मला हसू आलं. तीही हसली.

सज्ञान होती. कुठे राहायचं हे तिने ठरवायचं, मी नाही. ठाण्यात दोघींना समोरासमोर आणलं. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओरडली, "कोन्या न्हाव्यानं कापले बे? आंधळा होता का?"

"माय, मी तुह्याजवळ राहीन. पण रईवारी जाईन."

"जाय ना! मी काय देवाच्या आड येऊन राह्यली? पण लुगडं नेसून जाय."

"घेतील का थे?"

म्हातारी तिच्या शर्टाची कॉलर सारखी करायला लागली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा शेडमध्ये गेले. काम काही नव्हतं, खोटं कशाला सांगू. चेली हिरवं लुगडं नेसून दारात उभी होती. दारावरच्या पोराला तिला कोणत्या बाजूला पाठवावं कळेना. तो पास्टरकडे पाहत राहिला. गाणं थांबलं. ज्या माणसाच्या शब्दावर हजार माणसं उठायची-बसायची, त्याला त्या घडीला एक शब्द सुचला नाही. तेवढ्यात बायकांतली एक खेड्यातली म्हातारी अंग चोरून बाजूला झाली आणि म्हणाली, "उभी काऊन वं माय? ये, बस." चेली बसली. पास्टरने गाणं पुन्हा धरलं.

माणसं अशा सभांच्या नादी का लागतात, असं लोक मला विचारतात. नाद नाही तो. तापात पट्टी ठेवणारा हात जिथे मिळतो तिथे माणूस जातं. तो हात आपण बाजारात दिला असता, तर त्या पोरीला केस कापावे लागले नसते. आणि पास्टरला मी दोष देत नाही. तिला आत घेणारा तोच पहिला. फक्त तिला वाकवून घेतलं त्याने. बायकांतल्या त्या म्हातारीने ती जशी आली तशी घेतली.

गुरू मागच्या उन्हाळ्यात गेली. मी मयतीला गेले होते. चेलीने खांदा दिला. मागे रविवारच्या टेम्पोंतला एक उभा होता, धामणगाव बढ्याचा.