दोन पोपट्या

खोपोलीच्या कंपनीतून निवृत्त होऊन मी भिसेगावात घरी बसले होते, तेव्हा कळंबच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला गाठलं. आम्ही लहानपणच्या मैत्रिणी. "शनिवारी येऊन आठवीच्या पोरांना गोष्टी लिहायला शिकव. स्नेहसंमेलनापर्यंतच." मी जन्मभर कंपनीची पत्रं लिहिलेली. नाइलाजाने हो म्हटलं.

पहिल्याच शनिवारी पोपटीवर लिहायला सांगितलं. थंडीत शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ भरायचं, भांबुर्ड्याचा पाला कोंबून मडकं जाळात उपडं घालायचं, हे या पोरांना शिकवावं लागत नाही. पण झाडून सगळ्यांचा शेवट एकच: 'अशा प्रकारे पोपटी आपल्याला एकीचा संदेश देते.' बोधाशिवाय निबंध संपवायचा नसतो, हे अंगवळणीच पडलेलं. मी वैतागले. "शेवटची ओळ खोडा. आता सांगा, खरंच काय झालं?"

एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्यात दोन पोपट्या लागतात. बाबांची एक, काकांची एक. बांधावरून भांडण झालं, तवापासून ते बोलत नाय."

"मग तेच लिही की गं."

तिने लिहिलं. वाचता वाचता मी एकटीच हसत सुटले. इतका आनंद मला बढतीच्या पत्रानेही दिला नव्हता. त्यानंतर मी शनिवारची वाट बघायला लागले.

संमेलनात तिने ती गोष्ट वाचायची ठरली आणि मोठ्या बाई घाबरल्या. "दोघे भाऊ समोर बसणार. शेवटी एकीचं काहीतरी घाल, उगाच तमाशा नको." मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "ती ओळ घातली तर खोटं होईल मॅडम. नाय घातली तर घरी बोलणी बसतील."

"गोष्ट तुझी. तू ठरव," मी म्हटलं.

तिने वाचलं. शेवट असा होता: 'काकांच्या पोपटीत मीठ जास्त होतं. बाबांच्या पोपटीत ओवाच नव्हता. मी दोन्हीकडे छान म्हटलं.' आणि ती थांबली. बोध नाही, संदेश नाही.

मागून काकांचा आवाज आला, "मीठ काय जास्त नव्हतं गं."

पुढच्या रांगेतून वडील मान न वळवता म्हणाले, "जास्तच व्हतं रं. तुझा हात पयल्यापासून तसाच हाय."

अख्खा मांडव हसला. काकासुद्धा. स्टेजवर ती पोर ताठ उभी होती आणि मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होते. जिंकलो होतो आम्ही दोघी. 'संमेलनापर्यंतच' हा करार मी तिथेच मोडला.

त्या भावांच्या पोपट्या यंदाही वेगळ्याच लागल्या. मला मात्र दोन्हीकडून बोलावणं होतं. मी दोन्हीकडे पोटभर खाल्लं आणि दोन्हीकडे छान म्हटलं. काकांकडे मीठ खरंच जास्त होतं.