पटाशीचे पारखी तात्या

तात्या दुकानाची पायरी चढताना दिसले, की मी आधी उठून पंखा बंद करत असे. मग रेडिओ. मग शेजारच्या भांडेवाल्याला हात जोडून विनंती, की बाबा रे, घटकाभर पातेली आपटू नकोस. एवढी शांतता झाली, की तात्या बाकावर बसत, डोक्यावरची टोपी काढून तिनंच मान पुसत आणि म्हणत, "हां. आता काढ पटाश्या." मंचरचा वैशाख, वर पत्रा आणि पंखा बंद! बाकीची गिऱ्हाइकं घामाघूम होऊन माझ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं बघत. पण पटाशी बोलत असताना दुसऱ्या कुणी बोलायचं नाही हा तात्यांचा कायदा होता, आणि तो माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या दुकानात चालत आला होता.

तात्या म्हणजे पिंपळवंडीचे सुतार. नव्वदच्या सुमारास मी वडिलांचं हार्डवेअरचं दुकान हातात घेतलं, तेव्हा खिळे, कडीकोयंडे आणि पंपाचे वॉशर यांच्याबरोबर तात्याही मला वारशात मिळाले. आमच्याकडे बैल घ्यायला निघालेला माणूस एक जाणता माणूस सोबत नेतो. तसे जुन्नर-आंबेगावातले सुतार पटाशी घ्यायला तात्यांना घेऊन येत. पटाशी म्हणजे लाकडात सांध्याच्या खाचा पाडायचं सपाट, धारदार हत्यार. बाहेरच्या माणसाला सगळ्या पटाश्या सारख्याच दिसतात. तात्यांना मात्र दोन पटाश्या कधीच सारख्या दिसल्या नाहीत. एवढी पायपीट करून येण्याबद्दल ते घेत काय, तर कोपऱ्यावरच्या हॉटेलातली एक प्लेट भजी आणि बशीतून चहा. "कच्च्या पटाशीनं सांधा बिघडतो," ते म्हणत. "आन वाकडी चौकट झाकता येत न्हाई राव. दार लावताना रोज वराडती ती."

निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी पटाशी काउंटरच्या काचेवर पालथी टेकवून खालून उजेड दिसतो का ते बघायचं. पाठ सपाट नसेल तर ती तिथंच बाद. "पाठ सरळ, तर पोट भरंल," हा त्यावरचा शेरा. मग मूठ हलवून बघायची. आणि मग खरी परीक्षा: दोन बोटांत मुठीचं टोक हलकं धरून पटाशी लोंबती ठेवायची, दुसऱ्या पटाशीनं पात्याला टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. पोलाद मऊ असेल तर आवाज बसका येतो, फार कडक असेल तर चिरका. तात्या एकेकीचा निकाल देत जात. "ही रडती." "ही नुसतीच वटवट करती, गाठ लागली की तुकडा पडंल." आणि क्वचित कधीतरी, चेहरा उजळून, "ही शाणी हाय बघ." माझं अख्खं खोकं भर बाजारच्या दिवशी, चार लोकांसमोर नापास होई, आणि मी वरून हसत भजी मागवत असे.

ही टिचकी फक्त पटाशीपुरती राहिली असती तर बरं होतं. तात्या नारळ वाजवून बघत, माठ वाजवत, गाडीत बसले की खिडकीचा गज वाजवत. एकदा पुतणीसाठी स्थळ बघायला पिंपरी पेंढारला गेले. मुलाकडच्यांनी पितळी तांब्यातून पाणी आणलं. तात्यांनी पाणी पिण्याआधी सवयीनं तांब्याला टिचकी मारली आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "पावणं, तांब्याला चीर हाय." सगळ्यांचे चेहरे पडले. मुलाची आजी आतून तरातरा आली, तांब्या उलटा करून तिनं बघितला, आणि म्हणाली, "आगं बया! मी म्हंते ओटा रोज वला कसा!" लग्न जमलं. पुतणी सासरी सुखात आहे, पण त्या घरात तात्यांसमोर पुन्हा कुणी पितळेचं भांडं आणलं नाही.

जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यांतले ते नव्हते, हेही सांगायला हवं. दोन हजारच्या आसपास पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीच्या पटाश्या बाजारात आल्या. मी भीतभीतच त्यांच्यापुढे ठेवल्या. टिचकी मारून ते म्हणाले, "दिसायला नटवी हाय, पर मनानं चांगली हाय. घ्या." पेटीतला झगमगीत संच मागणाऱ्या पोरांना मात्र ते उभं जाळत. "ज्याच्याजवळ बारा पटाश्या, त्याच्या एकीलाबी धार नसती. एक बारीक, एक मधली, एक रुंद. चौथी मागायला आलास तर पयल्या तिन्ही दाखव मला." माझा संच तसाच धूळ खात राही. त्यांच्या त्या 'शाण्या' पटाशीविषयी मात्र पुढं कधी कुणाची तक्रार आली नाही, म्हणून मी सगळं सोसत होतो. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची ऐट आवडायची.

पुढं कधीतरी तात्यांचे कान जायला लागले. त्यांना ते कळलं नाही, किंवा त्यांनी कळून घेतलं नाही. "हल्लीची मानसं पुटपुटत्यात," म्हणत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मला सांगत, की घरातला टीव्ही पार हायवेपर्यंत ऐकू जातो. मी पंखा बंद करतच होतो, तात्या डोळे मिटतच होते, पण आता निकाल द्यायला त्यांना फार वेळ लागत होता. आमच्यापैकी कुणाचीही त्यांना काही विचारायची छाती नव्हती. पटाशीची पारख गेली तर तात्यांकडे कोण येणार होतं? स्वतः काम करण्याइतका जोर हातात उरला नव्हता. बाजारच्या दिवशी कुणीतरी न्यायला येतं, एवढ्यावरच तो माणूस ताठ चालत होता.

एके दिवशी ते सोमाला घेऊन आले. सोमा तळेघरचा, चाळिशीतला, डोंगरातला शेतकरी. तात्यांचे हात चालत होते तोवर, भात निघालं की तो खाली उतरे आणि हंगामभर त्यांच्या हाताखाली सुतारकाम करे. त्या वर्षी त्याला गावातल्या नव्या देवळाच्या चौकटींचं काम मिळालं होतं, स्वतःचं पहिलं. तात्यांनी एक रुंद पटाशी उचलली, टिचकी मारली. बद्द! फुटक्या माठासारखा आवाज आला. मला ऐकू आला, सोमाला ऐकू आला, पायरीवरच्या गिऱ्हाइकालासुद्धा ऐकू आला असेल. तात्या डोळे मिटून हसले आणि म्हणाले, "घंटा हाय, घंटा. ही घे."

मी म्हणालो, "तात्या, दुसरी एक बघू या का?"

"का? मी बघितली ती काय कमी हाय?"

मी सोमाकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटाशी छातीशी धरून म्हणाला, "तात्यांनी दिली तीच घेतो, भाऊ." फुटकी वस्तू समजून-उमजून, वर नमस्कार करून घेऊन जाणारं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

महिन्याभरात सोमा दुकानात हजर. पटाशी मानेपाशी तुटली होती. तक्रार नव्हतीच. "कुटं जोडून मिळंल का? तात्यांना कळाया नको," असं तो हळू आवाजात विचारत होता, आणि तात्या त्याच्या मागंच पायरी चढत होते. ऐकू काहीच आलं नसणार, पण नजर घारीची होती. त्यांनी तुकडे हातात घेतले. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग चकचकीत होता आणि निम्मा गंजून काळा पडलेला. त्यांनी काळ्या भागावरून अंगठा फिरवला.

"ही चीर जुनी हाय," ते म्हणाले. "म्हंजे मी वाजवली तवा व्हती." मग माझ्याकडे बघून, "तुला ऐकू आलं व्हतं?"

मी होय म्हणून मान हलवली. सोमानं खाली बघितलं. तात्यांनी तुकडे काउंटरवर नीट जुळवून ठेवले आणि चहा न घेता निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर कितीतरी बाजार तात्या आले नाहीत. सुतार एकेकटे यायचे, खोक्यातली हाताला लागेल ती पटाशी उचलायचे आणि तिच्याकडे संशयानं बघत जायचे. पिंपळवंडीला निरोप धाडला, तर काकूंनी कळवलं, "ह्यांनी बोलणंच टाकलंय."

आणि एका बाजाराला दारातूनच आरोळी आली, "शेट, पंखा राहू दे चालू!" तात्या. बाकावर बसायचीही वाट न बघता त्यांनी एक पटाशी उचलली, मुठीचं टोक दातांत धरलं, पात्याला टिचकी मारली आणि डोळे मिटले. मग पटाशी तोंडातून काढून म्हणाले, "रडती." दुसरी घेतली. "वटवट." तिसरीला नुसते हसले. मी टिचकी मारून बघितली. तिन्ही निकाल बरोबर होते!

झालं होतं असं, की घरी खाटेचा पाय बसवताना दोन्ही हात अडकले म्हणून त्यांनी पटाशी दातांत धरली होती. ती लोखंडी बोल्टाला लागली. "डोक्यात घंटा वाजली राव! मला वाटलं, वरून बोलावणं आलं. तुझ्या काकूला हाक मारली. ती म्हणाली, काय बी वाजलं न्हाई. तवा कळलं, दाताला कान हायेत."

मला काळजी पडली, की उष्टी पटाशी घेणार कोण. झालं भलतंच. सुतार मुठीवर दाताची खूण शोधायला लागले. खूण नसली की विचारत, "तात्यांनी चावलेली न्हाई का?" सोमानं पहिली चावलेली पटाशी नेली आणि त्या देवळाच्या चौकटी पुऱ्या केल्या. तात्या पुन्हा ताठ चालायला लागले. दातांच्या डॉक्टरांनी पुढचा एक हलणारा दात काढायला सांगितला, तर हे उठून उभे राहिले. "बाकीचं काढा. ह्यो दात धंद्याचा हाय."

तो दातही शेवटी पडला. तेव्हा ते सोमाला घेऊन आले, पटाशी त्याच्या दातांत दिली आणि टिचकी स्वतः मारली. "कशी हाय?"

"शाणी हाय, तात्या."

तात्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. हयातीत दुसऱ्याच्या कानावर विश्वास न ठेवलेला माणूस. "तू म्हंतोस तर हाय," ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतला. त्याच वर्षी, भात कापणीच्या आधी, ते झोपेतच गेले. मला त्यांची अजून फार आठवण येते.

आता बाजारच्या दिवशी सुतार सोमाला घेऊन येतात. तोही पटाशी दातांतच धरतो, आणि त्याचं बघून चार गावची पोरं धरतात. मी काउंटरवर एक ओला फडका ठेवून दिलाय. एकदा न राहवून मी त्याला विचारलं, "सोमा, तुझे कान तर खणखणीत आहेत. नुसती वाजवून ऐक की."

सोमानं तोंडातली पटाशी काढली. "कानानं तात्या एकदा चुकलं, भाऊ," तो म्हणाला. "दातानं कदीच न्हाई."

आणि त्यानं पटाशी पुन्हा दातांत धरली.