पडद्यावरचा पांढरा ठिपका

लष्करात असताना लडाखच्या एका चौकीवर मी थर्मल कॅमेऱ्यापाशी बसायचो. हा कॅमेरा उष्णता टिपतो. गरम वस्तू पडद्यावर पांढरी दिसते.

एका दुपारी पडद्यावर समोरच्या डोंगराच्या वर, आभाळात, पांढरा ठिपका दिसला. पंख नाहीत, शेपूट नाही, धूर नाही. वाऱ्याने तंबूचे दोर वाजत होते, पण तो जागचा हलत नव्हता. बाहेर येऊन मी दुर्बीण लावली. निळं, मोकळं आभाळ. आत आलो तर तो पडद्यावर होताच, आणि आता वाऱ्याच्या उलट, आमच्याकडे सरकत होता. रडारवाल्यांना विचारलं. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

खालून आमचे दोन जवान रॉकेलचे कॅन घेऊन वर येत होते. ठिपका त्यांच्या डोक्यावर आला. ते चालले की तोही चालायचा. त्यांतला एक साताऱ्याचा, माझा मित्र. मी वायरलेसवर म्हणालो, "वर बघ."

"काय आहे?"

"माहीत नाही. तुमच्या डोक्यावरच आहे."

"काही नाही रे. चेष्टा करतोस का?"

"पळा!" मी ओरडलो.

माझा आवाज ऐकून दोघे कॅन टाकून खडकाआड शिरले. ठिपका थोडा वेळ तिथेच राहिला. मग सरळ वर गेला आणि दिसेनासा झाला.

चौकीवर आल्यावर मित्राने रेकॉर्डिंग पाहिलं. त्याने हातातला चहा प्यायलाच नाही. साहेबांनी रेकॉर्डिंग वर पाठवलं. ते काय होतं, हे पुढे कुणीच सांगू शकलं नाही.

सुट्टीवर कर्जतजवळच्या आमच्या गावी आलो. वडिलांबरोबर वालाच्या शेतात काम करताना माझी मान सारखी वर जायची.

"काय बघतोस रं सारखा? घार हाय का?" वडिलांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. ते बांधावर बसून ऐकत राहिले.

"नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता म्हनतोस?"

"नव्हता."

"मंग आता बी असंल की रं. आपल्याला कसं कळायचं?"

त्यांनी शेताकडे एकदा पाहिलं, वर मात्र पाहिलं नाही. "चल घरी," म्हणाले, आणि उन्हं चांगली वर असताना आम्ही काम तसंच टाकून निघालो.