मुलायमवाले काका

समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला काका पहिल्यांदा एकच वाक्य म्हणायचे, "थांबा, अजून तुम्ही आला नाहीत." माणूस गोंधळायचा. काका लेन्सची रिंग बोटाने हळूहळू फिरवत राहायचे आणि चेहरा स्पष्ट झाला की म्हणायचे, "हां, आलात!" तोवर माणूस हसलेला असायचा. तोच फोटो.

काकांना जाऊन वर्ष होत आलं. माझं त्यांच्याशी भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.

मी घाटकोपरला लॅमिनेशनच्या एका मशीनवर धंदा सुरू केला. पुढे स्टुडिओ झाला तो कोणाच्या बापाच्या जिवावर नाही. माझी जीभ तिखट आहे आणि भाव केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. काकांचा मुलुंडचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा मीच त्यांना बोलावलं. पगारावर त्यांनी घासाघीस केली नाही. एकच अट घातली, "माझ्या काचा मी वापरणार." लेन्सला ते काच म्हणायचे.

नवा मिररलेस कॅमेरा मी दुकानदाराला रडकुंडीला आणून घेतला. काकांच्या काचा फिल्मच्या जमान्यातल्या, त्या त्यावर बसेनात. मधे अडॅप्टर लागतो, बांगडीसारखा. काका त्याला कडं म्हणायचे. कडं घालून काच बसवली, तर स्क्रीनवर आलं की लेन्स लावलेलीच नाही. मी दुकानदाराला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. काका म्हणाले, "अगं, कॅमेऱ्याला मी दिसत नाही. त्यात त्याची काय चूक?" सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं होतं, एवढंच.

जुन्या काचेला फोकस हातानेच करावा लागतो. मदतीला हा कॅमेरा स्पष्ट दिसणाऱ्या भागाच्या कडांवर बारीक लाल रेषा दाखवतो. काकांच्या त्या लाल मुंग्या. सुरुवातीला म्हणाले, "ह्या मुंग्या बंद कर गं, चावतील एखाद्याला." मग एक दिवस म्हणाले, "असू देत मुंग्या." पुढे, "जरा जाड होतात का बघ." मी करून दिल्या. वय झालं, म्हटलं.

अंधेरीची एक बाई मुलीच्या साखरपुड्याचे फोटो परत घेऊन आली. "ताई, सगळं धूसर आलंय."

मी उसळले. "धूसर? मॅडम, हा जुन्या काचेचा मुलायमपणा आहे. तुमच्या मोबाइलमध्ये येतो का असा? आला तर दाखवा मला!"

बाई फोटो घेऊन गेली आणि काही दिवसांनी नणंदेला घेऊन आली. नणंदेला 'तसंच मुलायम' हवं होतं. मग काय, मी ते बाहेरच्या पाटीवरच लिहून टाकलं आणि भाव वाढवला. काका मुलायमवाले काका झाले. मी गिऱ्हाइकांपुढे त्यांचे गोडवे गात असताना ते कोपऱ्यात बसून काच पुसत असायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

नाही, एकदा बोलले होते. "पडदा सुकत चाललाय गं. काहीतरी करायला हवं." फोटोमागचा आमचा कापडी पडदा खरंच विटला होता, रंग सुकून पोपडे सुटत होते. मी दुपारभर डोकं खाऊन एका दुकानातून नवा आणला, टांगला आणि काकांना समोर उभं केलं. "झकास आहे ना?" काका बराच वेळ बघत राहिले. "चांगला आहे," म्हणाले.

त्याच पडद्यापुढे त्यांनी मढच्या एका कोळीणबाईंचे फोटो काढले. मुलाने हौसेने आईला आणलं होतं, बाई सगळे दागिने घालून बसल्या होत्या. पुढे त्या वारल्या. भिंतीवर लावायला फोटो मोठा करून हवा म्हणून मुलगा आला. मी स्क्रीनवर फोटो मोठा केला. गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी दिसत होता. डोळ्यांच्या जागी नुसता धूर. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही.

"ताई, आयचे डोले कुठं गेले?"

मुलायम हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. बाहेर पडला नाही. शोधून ठेवते, असं सांगून त्याला पाठवलं आणि मी काकांपुढे जाऊन धडकले.

"काय केलंत हे?"

"पडदा सुकलाय."

"पडद्याचं काय सांगताय मला? नवा आणून टांगलाय ना!"

"तो नव्हे गं." त्यांनी चष्मा काढून बोट डोळ्याजवळ नेलं. "हा, आतला. डॉक्टर म्हणाले, आता सुधारायचा नाही. मधलं सगळं पुसलं जातं. कडेचं तेवढं दिसतं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तू कापडाचा भाव करायला गेलीस."

मला तेव्हा हसू आलं नाही, आजही येत नाही. हे काय सांगणं झालं? माणूस हाताला धरून सांगतो, ओरडून सांगतो. त्यांच्यासाठी मी गिऱ्हाइकांशी भांडत होते आणि माझं वाक्य न् वाक्य खोटं आहे, हे त्यांना बसल्या जागी ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, नवी लेन्स घेऊ, तिच्यावर कॅमेरा स्वतःच माणसाचे डोळे शोधतो. "मग माझं काय काम?" ते म्हणाले. "कॅमेरा धरायला स्टँड आहे तुझ्याकडे." काचा पिशवीत भरल्या आणि बोरिवलीला मुलीकडे राहायला गेले.

कोळीणबाईंचे सगळे फोटो मी पुन्हा पुन्हा तपासले. एकातही डोळे नव्हते. शेवटी मुलाला तळहाताएवढा फोटो करून दिला. लहान केला की धूर जरा कमी वाटतो. तो पैसे ठेवून निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

पुढे मी बोरिवलीला गेले ती भांडायलाच. काय काय ऐकवायचं ते रिक्षात ठरवलं होतं. काका गॅलरीत बसले होते, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "त्या मढच्या मुलाचं काय केलंस?"

मान तिरकी करून ते डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघत होते.

"मिळाला एक," मी म्हणाले. "मागे राहून गेला होता. त्यात डोळे स्वच्छ आहेत. मोठा करून दिला."

"खरं?"

"अगदी पापण्यांसकट."

खोटं बोलताना माझे कान लाल होतात. बाजारातले लोक ओळखून आहेत, म्हणून भाव करायला जाताना मी ओढणी कानांवरून घेते. त्या दिवशी घ्यावी लागली नाही.

काकांच्या मुठी सुटल्या. "मग बरं झालं," म्हणाले आणि आत मुलीला हाक मारली, "अगं, हिला चहा टाक. साखर जास्त घाल, चिडून आलीय."