स्वर्गात उपास न्हाय

आमचा थोरला भाऊ आण्णाप्पा म्हंजे खाण्यातला पैलवान. बोरगावातली आमची सगळी जैन घरं दिवस मावळायच्या आत जेवून हात धुवायची, आणि ह्यो बाबा कंदील लावून भाकरी नि शेंगाची चटणी हाणत बसायचा. माझं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं अक्काताईवैनीचं रोजचं गाऱ्हाणं माझ्याच कानावर.

"अवो, आज चतुर्दशी! एवढा तरी नेम पाळा."

"पाळीन की," आण्णा म्हणायचा, "पर हितं न्हाय. मेल्यावर स्वर्गात सगळं उपास एकदम करून टाकतो. तिथं भूक न्हाय, तहान न्हाय, लई सोपं पडतंय बघ."

आता बोला! चिडावं तर हसू यायचं.

एका पावसाळ्यात आमच्या बस्तीत, म्हंजे देवळात, एक मुनिमहाराज चार महिने मुक्कामाला आलं. दिवसातनं एकदाच जेवायचं, ते बी उभ्यानं, ओंजळीत. सकाळी नवराबायको जोडीनं कलश घेऊन दारात उभी ऱ्हायची. महाराज ज्या दारात थांबतील ते घर धन्य. पर घास घालणाऱ्यानं रातचं जेवण सोडलेलं पायजे, ह्यो रिवाज. मग वैनी कशी उभी ऱ्हाणार? बिचारी शेजारच्या दारातला सोहळा बघायची आणि परत चुलीपुढं. एकदा ढसाढसा रडली. मला आण्णाचा अस्सा संताप आला! धरून नेला त्याला बस्तीत.

तर ह्या शहाण्यानं भर सभेत इचारलं, "महाराज, उपास स्वर्गात केलं तर चालतंय न्हवं?"

लोक फिदीफिदी हसलं. महाराजबी हसलं.

"बाबा, देवांना उपास करताच येत नाही. भूक लागायचा अवकाश, गळ्यात अमृत झिरपतं. नको म्हणायची सोयच नाही तिथं. नेम धरायचा का मोडायचा, हे माणसाच्या हातात."

"मोडायचं बी माझ्याच हातात?"

"तुझ्याच. म्हणून तर धरण्याला किंमत."

आण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. "मालू," मला म्हणाला, "ज्याच्या भरवशावर बसलो हुतो, ते तिथं न्हायच की गं!" आणि तिथंच उठून त्यानं रातचं जेवण सोडलं. वैनीचा इस्वासच बसंना. मला तरी कुठं बसला हुता?

पुढं निपाणीला त्याचा दोस्त नागोजी, त्याच्या नातवाच्या बारशाला आम्ही तिघं गेलो. वाटेत गाडीचं चाक रुतलं, पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आणि पानात काय, तर मांडे! साजूक तूप, वर दूध. नागोजी म्हणाला, "आण्णाप्पा, हितं घरच्यांबिगर तुझ्या गावचं कोण हाय?" वैनीनं डोळं गच्च मिटलं.

आण्णानं मांडा हातात घेतला. वास घेतला. लई वेळ घेतला. मग हळूच परत पानात ठेवला आणि अस्सा खदाखदा हसला, की पाळण्यातलं पोर दचकलं.

"खाता आलं असतं रं नागोजी! कोण अडवत हुतं? म्यां न्हाय खाल्लं!"

एवढा खुश तो पोटभर जेवूनबी कधी झाला नव्हता. रातभर उपाशी, आणि येताना गाडीत गाणी म्हणतोय!

त्या आठवड्यातच, जोडीनं उभी ऱ्हायली दोघं, आणि महाराज थांबलं. आमच्याच दारात! वैनीनं कलश दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरला. पहिला घास आण्णानं घातला. सावकाश, एक शीत खाली पडू दिलं न्हाय.

महाराज गेल्यावर आण्णा अंगणात जाऊन आभाळाकडं बघाय लागला.

"काय बघताय?" वैनीनं इचारलं.

"वरचं देव जळत असतील गं आपल्यावर. त्यास्नी कुठलं असलं सुख! उगं आपल्यापायी जळण्याचं पाप लागायचं त्यास्नी."

जलमभर मुंगीवरबी पाय न देणारी माझी वैनी पदरानं डोळं पुसत म्हणाली, "लागू दे! आज मला कुणाची कीव न्हाय."