पिवळ्या कार्डाचा वाहक

वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतल्या चांगो उघडेला एसटीत सगळे ‘मास्तर’ म्हणतात. मास्तर म्हणजे कंडक्टर. चांगोने जन्मात एक तिकीट फाडलेलं नाही.

झालं असं. मे महिन्यात वाडीत रक्ततपासणीचं शिबिर झालं, नि पावसाळ्यात त्याच्या हातात पिवळं कार्ड आलं: ‘सिकलसेल वाहक’. पहिल्या शब्दाचा पत्ता लागेना. दुसरा मात्र तो मुरबाडच्या गाडीत कंडक्टरच्या सीटवर रोज वाचायचा. सकाळी बाजारात विकायच्या करटुल्यांची पाटी गाडीत चढवून त्याने हेमंत कंडक्टरपुढे कार्ड धरलं.

“तिकीट नको मास्तर. मी पन वाहक.”

हेमंतने वाचलं. “वाहक खरा, पन रगतातला. आशाताईला विचार, नि आधी तिकीट काढ.”

वाडीची आशा सेविका रंजनाने उलगडून सांगितलं. “जनुक जोडीनं येतं. एक आईचं, एक बापाचं. तुझं एक बरं, एक बिघडलेलं, म्हून तुला त्रास नाय. पन बायको बी वाहक मिळाली, तर दर पोराला चारात एक धोका. दोन्ही बिघडलेली आली की रगतातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात. पोर दुखण्यानं हैराण.”

चांगोचं हसू मावळलं. टोकावड्याच्या दिपिकाशी त्याचा साखरपुडा आठवड्यावर आला होता. तिच्या गावच्या शिबिराच्या टायमाला ती वीटभट्टीवर होती, तिची तपासणी झालीच नव्हती.

तो थेट तिच्या शेतावर गेला. ती लावणीत वाकलेली.

“तुझं रगत तपासायचं गो.”

“लोकं पोरगी बघाया येतात. तू रगत बघाया आलास?”

बांधावर बसून त्याने सगळं सांगितलं. तिने हातातली रोपं लावून संपवली.

“नि मी पन वाहक निघाले तर?”

“मग दोघं डॉक्टरला विचारू. पन न बघता लगीन नाय.”

तिने पाटाच्या पाण्यात हात धुतले. “चल. सुई टोचताना तू तोंड फिरव. तूच पडशील.”

साखरपुडा पुढे गेला. रिपोर्ट येईपर्यंत चांगो दोनदा पाटी गाडीतच विसरला. मग दिपिकाचं कार्ड आलं, पांढरं. ती वाहक नव्हती.

आता त्यांची कुणाली तीन वर्षांची आहे. तिचं कार्ड बापासारखं पिवळं, पण पोरगी वाडीभर हुंदडते. परवा तिघं गाडीत चढली.

“काय मास्तर,” हेमंत म्हणाला, “घरात वाहक किती?”

“दोन.”

“नि चालक?”

दिपिका पाटी सीटखाली सरकवत होती. “पाय उचल,” ती चांगोला म्हणाली.

चांगोने मुकाट्याने पाय उचलले.