रिठीची लोकसंख्या

मागच्या वर्षी संक्रांतीनंतरच्या बुधवारी, दुपारी साडेबाराला, माझ्या आत्याचं घर ग्रामपंचायतीच्या घरयादीत 'वस्ती नाही' असं नोंदवलं गेलं. आत्या त्या वेळी दारात उभी होती.

घर रिठीवर आहे. रिठी म्हणजे माणसं उठून गेलेलं गाव. वर्धा जिल्ह्यात अशा रिठ्या बऱ्याच आहेत. महसुली यादीत अशा गावांनाही नाव असतं, शीव असते, तलाठ्याच्या दप्तरात नकाशा असतो. लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असतं. आमच्या रिठीवरचे लोक कधी आणि कोणत्या साथीत गेले, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. जोत्याचे दगड तेवढे उरलेत. जुन्या वस्तीची पांढरी माती भाजीला मानवते, म्हणून आसपासचे लोक तिथे वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि दिवस बुडायच्या आत परततात.

रिठीवर कोणी चूल पेटवत नाही. चहासुद्धा घरून थर्मासमधून येतो. कारण विचारलं की लोक पिकाबद्दल बोलू लागतात.

नवरा गेल्यावर आत्या तिथल्या आपल्या वाडीत राहायला गेली. दोन खोल्या, एक विहीर. सांबाराच्या जुड्या सावंगीच्या एका मेसला जायच्या. जेवणाचा डबा गावातून, माझ्या भावाच्या घरून यायचा. तिला वीज हवी होती. मीटरला रहिवासी दाखला लागत होता आणि दाखल्याला घरयादीतली नोंद.

यादीचं काम दुसऱ्या तालुक्यातून बदलून आलेल्या एका शिक्षकाकडे होतं. एक चूल, एक कुटुंब, हा त्याचा नियम. चूल दिसली नाही, म्हणून त्याने शेतातलं कोठार लिहिलं.

"मास्तर, मंग मी कोन हावो?" आत्या म्हणाली. "कोठारातलं पोतं?"

"काकू, चूल दाखवा, आत्ता लिहितो."

"आन् दोन वर्सं काय हवा खाऊन राह्यली मी?"

त्याने पुढच्या सोमवारी फेरतपासणीला यायचं कबूल केलं. रविवारी आत्याचा मला फोन आला. "उद्या येजो बाबू. चूल मांडतो."

सोमवारी अकरा वाजता तिने दाराबाहेर भिंतीशी तीन विटा मांडल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि भाकर टाकली. शेजारच्या वावरात दोन बाया तण निंदत होत्या. धूर दिसताच त्या उठल्या आणि एकमेकींशी न बोलता गावाकडे निघून गेल्या. शिक्षक साडेअकराला आला, तोवर त्या बांधापलीकडे दिसेनाशा झाल्या होत्या. मी विहिरीजवळ उभा होतो. तिथून दार, चूल आणि वाट तिन्ही दिसत होती.

"घरात किती जण?" त्याने विचारलं.

"दिसते तेवढे लिव्हा."

त्याने लिहिलं आणि तो गेला. त्या दिवसापासून भावाकडचा डबा बंद झाला.

शुक्रवारी यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. रिठी: घरे एक. पुरुष शून्य. स्त्रिया दोन.

मी शिक्षकाला फोन केला. चुकून मला धरलं का, असं विचारलं.

"नाही हो, तुम्हाला कसं धरणार? स्त्रिया लिहिल्यात. काकू आणि त्या दुसऱ्या आजी, चुलीमागे बसलेल्या. वय विचारलं तर बोलल्या नाहीत. मग अंदाजे सत्तर टाकलं."

चुलीमागे भिंत आहे. दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा आहे.

हरकतीसाठी सात दिवस होते. मी अर्ज लिहून आत्याकडे नेला.

"हे टाकलं तं काय होते?" तिने विचारलं.

"नोंद पुन्हा तपासतील. तोवर घर यादीतून निघेल."

"मंग काऊन टाकतं? डबा गेला, आता दाखलाबी जाऊ दे म्हनतं काय?"

"आत्या, दुसरी बाई कोण?"

"लिवनाऱ्याले दिसली, त्यानं लिवली. तुले काऊन तरास?" तिने भाकर उलटवली. "हात धुऊन घे, जेव."

अर्ज माझ्याकडेच राहिला. सातव्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपली. एकही हरकत आली नव्हती. यादी कायम झाली. पुढच्या आठवड्यात आत्याला रहिवासी दाखला मिळाला. त्यावर कुटुंबातील व्यक्ती दोन, अशी नोंद आहे.